प्रेस्टनच्या जुन्या मिरवणुका, जुने रस्ते आणि एका पोस्टकार्डाचं वय

रिबलकाठ | शनिवार, सकाळी १०:०५

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायरमध्ये, रिबल नदीच्या काठी प्रेस्टन आहे. नोकरीमुळे मी इथे राहतो आणि गावच्या जुन्या फोटोंचा मला नाद लागला आहे. जुने फोटो प्रत्येक गावाचे असतात. पण प्रेस्टनचे फोटो बघण्यात एक सोय आहे, जी मला दुसऱ्या कुठल्या गावात सापडली नाही, म्हणून हा धागा काढतोय.

११७९ साली दुसऱ्या हेन्री राजाने गावाला सनद दिली आणि इथल्या व्यापारी-कारागिरांना आपला संघ, म्हणजे गिल्ड, चालवायचा हक्क मिळाला. गावात धंदा करायचा तर गिल्डच्या वहीत नाव हवं. ठरावीक काळाने ती वही उघडायची, नावं पुकारायची, बापामागे मुलाचं नाव चढवायचं, आणि त्या निमित्ताने मिरवणूक, मेजवान्या. १५४२पासून हे दर वीस वर्षांनी होत आलं आहे. २९ ऑगस्टच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू होतं आणि पुढे काही दिवस चालतं. व्यापाराची मक्तेदारी कधीच संपली, पण वही आणि मिरवणूक राहिली.

आता कॅमेरा आल्यानंतरची गिल्डं मोजा. १८६२, १८८२, १९०२, १९२२. १९४२चं महायुद्धामुळे झालं नाही, ते १९५२ला झालं. मग १९७२, १९९२, २०१२. तेच फिशरगेट, तोच चर्च स्ट्रीट, तोच फरसबंद बाजारचौक, आणि दर वीस वर्षांनी तिथे उभं राहून कोणीतरी फोटो काढलेले. गावाने आपल्या नकळत स्वतःची एक फोटोमालिका करून ठेवली आहे. ती ओळीने लावली की कापसाचा धंदा चढताना आणि उतरताना दिसतो, कपडे बदलतात, दुकानांच्या पाट्या बदलतात, माणसं बदलतात.

आता मुद्द्याचं. इथल्या बाजारात (लोखंडी खांबांवरचं ते मोठं छप्पर १८७५चं आहे) मला एक पोस्टकार्ड मिळालं. फिशरगेटवरून काढलेला फोटो. मागे घड्याळाचा उंच टोकदार मनोरा. रस्त्यावर पांढरे झगे घातलेल्या मुलींची रांग, हातात फुलांच्या परड्या. त्यांच्या मागे दोन खांबांवर ताणलेलं भलंमोठं रेशमी निशाण, त्यावर मेरीचं चित्र, आणि निशाणाच्या दोऱ्या पुढेमागे धरून चालणारे पुरुष. दगडी फरशीत ट्रामचे रूळ, वर तारा. दोन्ही बाजूंना टोप्याच टोप्या. पाठीमागे अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट, शिक्का पार पुसट. मजकूर चार ओळींचा, तारीख नाही.

हे कधीचं असेल? सगळ्यांनी मिळून शोधूया का?

वाचनमात्र | शनिवार, सकाळी ११:३०

मिरवणूक आहे म्हणजे गिल्डच असणार. पोस्टकार्डांचा जमाना धरला तर १९०२?

काचनिगेटिव्ह | शनिवार, दुपारी १:१५

१९०२ असू शकत नाही. वरच्या तारा बघा. तारा म्हणजे विजेची ट्राम, आणि प्रेस्टनमध्ये विजेच्या ट्राम १९०४ला सुरू झाल्या, १९३५ला बंद झाल्या. त्याआधी घोड्यांच्या ट्राम होत्या. त्यांना रूळ लागतात, तारा लागत नाहीत. म्हणजे एका बाजूने १९०४ ही भिंत पक्की.

दुसरी भिंत मनोरा. रिबलकाठ, हा टाउन हॉलचाच ना? तो आता नाही असं वाचल्याचं आठवतं.

माझं आयुष्य पुण्यात फोटो धुण्यात गेलं, त्यामुळे थोडं फोटोबद्दलही सांगतो. पांढऱ्या झग्यांवरच्या चुण्या दिसतात का, चालणाऱ्या पायांची हालचाल फिस्कटलेली आहे का, ते भिंगाखाली बघा. १८६२च्या गिल्डच्या वेळी ओल्या कोलोडियनच्या काचा होत्या. जागेवर काच माखायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा, लगेच धुवायची. चालती मिरवणूक त्यात धुक्यासारखी येते, इमारती मात्र खणखणीत. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत रस्ते आहेत त्यापेक्षा रिकामे वाटतात. १८८०च्या सुमाराला कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा मिळू लागल्या आणि मग चालता माणूस चालताना टिपता आला. तुमच्या फोटोत पाय स्पष्ट असतील तर त्यात नवल नाही.

रिबलकाठ | शनिवार, दुपारी २:४०

हो काका, टाउन हॉलचाच. १८६७ला उघडला, मार्च १९४७मध्ये आग लागून मनोरा गेला, उरलेला सांगाडा १९६२ला पाडला. तिथे नंतर काचेची ऑफिस-इमारत आली. पाय स्पष्ट आहेत, फक्त एका मुलीचा डावा हात हलला आहे.

म्हणजे आत्ता १९०४ ते १९३५.

तिकीटसंग्रह | शनिवार, संध्याकाळी ६:२०

कार्डाच्या मागच्या बाजूला मध्ये उभी रेघ आहे का? असणारच, पण तपासा. ब्रिटनमध्ये १९०२पर्यंत पोस्टकार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या बाजूला कोपऱ्यात खुपसावा लागे. १९०२ला मधली रेघ आली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, आणि पुढची सगळी बाजू फोटोला मोकळी झाली. पोस्टकार्डांचं पेव फुटलं ते यामुळेच. गावोगावचे फोटोवाले सकाळच्या मिरवणुकीची कार्डं करून चटकन विकायला ठेवत.

अर्ध्या पेनीत पोस्टकार्ड जायचं ते जून १९१८पर्यंत. नंतर एक पेनी झाली. म्हणजे तुमची वरची भिंत १९३५वरून १९१८वर आली.

आता तिकिटावरचा राजा नीट बघून सांगा. चेहरा पूर्ण बाजूने आहे, की थोडा समोर वळलेला?

रिबलकाठ | शनिवार, रात्री ८:०५

मधली रेघ आहे. राजाला दाढी आहे, आणि चेहरा थोडा समोर वळलेला आहे. दोन्ही डोळे दिसतात.

तिकीटसंग्रह | शनिवार, रात्री ८:५०

मग झालं! हा पाचवा जॉर्ज, त्याच्या पहिल्या तिकिटांवरचा. जून १९११मध्ये, राज्याभिषेकाच्या दिवशी, ही तिकिटं निघाली. चेहरा एका फोटोवरून घेतला होता, डाउनी नावाच्या छायाचित्रकारांच्या. लोकांना तो आवडला नाही, छपाईही नीट उतरेना, म्हणून लवकरच नेहमीसारखं बाजूने काढलेलं डोकं आणलं. १९१३पासून अर्ध्या पेनीला नवं तिकीट आलं. जुनी तिकिटं घराघरांत उरलेली असणार, पण साधारण कार्ड १९११ ते १९१३च्या दरम्यान टाकलं असं धरायला हरकत नाही.

एक लक्षात ठेवा. ही कार्ड टाकल्याची तारीख. फोटो त्याच्या आधीचाही असू शकतो. दुकानदार जुना साठा वर्षानुवर्षं विकतात.

बोल्टनवासी | रविवार, सकाळी ९:१०

छान चाललंय. मी प्रेस्टनपासून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून मिरवणुकीबद्दल लिहिते. १९०४ ते १९१३ यात गिल्ड नाहीच, तेव्हा ही गिल्डची मिरवणूक नव्हे. पांढरे झगे, परड्या, मेरीचं निशाण म्हणजे व्हिटसनची, चर्चची मिरवणूक. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिट संडे येतो, मे-जूनमध्ये. त्या आठवड्यात लँकेशायरच्या गिरणीगावांतून संडे स्कूलची मुलं नवे कपडे घालून, बँडच्या मागून रस्त्याने चालायची. मँचेस्टरमध्ये ही रीत १८०१पासूनची. तिथे प्रॉटेस्टंट सोमवारी चालायचे, कॅथलिक शुक्रवारी. प्रेस्टनमध्ये कॅथलिक मोठ्या संख्येने, आणि मेरीचं निशाण म्हणजे ही मिरवणूक त्यांचीच.

त्या पांढऱ्या झग्याचं मोल फोटोत कळत नाही. एका मजुराच्या घरात तीन मुली असतील तर तीन झगे, तीन जोड पांढरे मोजे, पांढरे बूट. आयांनी वर्षभर आठवड्याला काही पेनी बाजूला टाकलेल्या असत. सकाळी मुली शेजारपाजारी कपडे दाखवायला जात आणि शेजारी त्यांच्या हातावर नाणं ठेवत. फोटोत ज्या मुली ताठ चालताना दिसतात, त्यातल्या मोठ्या मुली एरवी गिरणीत असायच्या. बाराव्या वर्षी अर्धवेळ काम सुरू व्हायचं, सकाळी गिरणी, दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. हा अर्धवेळ मुलांचा प्रकार १९१८च्या शिक्षण कायद्याने बंद करायचं ठरलं आणि प्रत्यक्षात तो संपायला १९२१ उजाडलं. हे माहीत असलं की त्या रांगेतल्या मुलींकडे नुसतं गोड म्हणून बघवत नाही.

निशाणाबद्दल रिबलकाठ यांनी दोऱ्या धरलेल्या पुरुषांचा उल्लेख केला ते बरं झालं. अशी निशाणं काही मीटर लांबरुंद, रेशमाची, दोन्ही बाजूंनी तैलरंगात रंगवलेली. लंडनच्या जॉर्ज टटिल यांच्या कारखान्यातून (१८३७पासून) संडे स्कूल आणि कामगार संघटना दोघांचीही निशाणं जात. वारा आला की ते शिडासारखं फुगतं आणि खांब धरणाऱ्याला उचलू पाहतं. म्हणून पुढे दोन, मागे दोन दोऱ्या. त्या दोऱ्या धरण्याचा मान घराण्यात चालत असे.

खामगावकर | रविवार, सकाळी ११:४५

हा धागा वाचायला लागलो आणि राहवलं नाही. रिबलकाठ, तुम्ही १८६२चं गिल्ड नुसतं यादीत लिहून पुढे गेलात. त्या वर्षी प्रेस्टनच्या गिरण्या बंद होत्या!

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला येणारा अमेरिकन कापूस अडकला. प्रेस्टनला फार मोठी झळ बसली. हजारो कामगार मदतीच्या पावावर. आणि त्याच सप्टेंबरमध्ये गावाने गिल्ड साजरं केलं.

आता आमची बाजू. अमेरिकेचा अडला म्हणून वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईवाटे लिव्हरपूलला जाऊ लागला. भाव कुठच्या कुठे गेले. आमच्या खामगावच्या कापूस बाजाराचा दबदबा त्या काळात वाढला, रेल्वे त्या ओढीने वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ला नागपूरला पोहोचली. पण हा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरची यंत्रं लांब धाग्याच्या अमेरिकन कापसासाठी बसवलेली. धागा सारखा तुटायचा, गठ्ठ्यात कचरा निघायचा, आणि मजुरी नगावर. म्हणजे तोच दिवस राबून हातात कमी पैसे. तिथले कामगार देवाकडे कापूस मागताना ‘पण सुरतेचा नको’ असं म्हणत, अशी आख्यायिका आहे. मुंबईवरून येणाऱ्या बहुतेक कापसाला ते सुरतेचाच म्हणत. त्यात आमच्या शेतकऱ्याचाही कापूस होता.

१८६५ला युद्ध थांबलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. वर गेलेला भाव सावकार आणि दलालांच्या हाती राहिला, पडलेला भाव शेतकऱ्याच्या गळ्यात आला. हा भाग मला कुठल्याही मिरवणुकीच्या फोटोत सापडलेला नाही.

रिबलकाठ | रविवार, दुपारी १२:३०

खामगावकर, तुमचं खरं आहे, १८६२ला थांबायलाच हवं. इथली दोन मोठी उद्यानं, अॅव्हनहॅम पार्क आणि मिलर पार्क, त्याच कापूस-दुष्काळाच्या वर्षांत बेकार गिरणी कामगारांना काम म्हणून करून घेतली. आजही ईस्टर सोमवारी तिथल्या उतारावरून मुलं रंगीत अंडी गडगडत सोडतात. म्हणजे नदीकाठचा तो सगळा उतार, त्या पायऱ्या, ते बांध हे सूत कातणाऱ्या हातांनी फावडं धरून केलेलं काम आहे.

आणि एक गोष्ट मी नंतरसाठी राखून ठेवली होती, ती आताच सांगतो. पोस्टकार्डावर दिसणाऱ्या टाउन हॉलची कोनशिला १८६२च्या गिल्डमध्येच बसली. त्याचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईकरांनो, हे नाव ओळखीचं आहे का?

साचेखाता | रविवार, दुपारी २:०५

राजाबाई टॉवर!

रिबलकाठ | रविवार, दुपारी २:२०

बरोबर. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय त्याच स्कॉटचं. तो मुंबईला कधी आलाच नाही, नकाशे लंडनहून पाठवले. बांधकाम १८६९ ते १८७८. आणि टॉवरसाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, ज्यांचं नशीब याच कापसाच्या तेजीत उघडलं आणि १८६५च्या पडझडीत बुडालं होतं.

म्हणजे एकाच वास्तुकाराचे घड्याळाचे दोन गॉथिक मनोरे. एकाची कोनशिला कापूस मिळेना म्हणून गिरण्या बंद असताना बसली, दुसरा कापूस विकून आलेल्या श्रीमंतीचं स्मारक. प्रेस्टनचा जळाला, मुंबईचा उभा आहे. इथले जुने लोक टाउन हॉलचा फोटो बघून हळहळतात, तेव्हा मी त्यांना फोनवर राजाबाई टॉवरचा फोटो दाखवतो.

काचनिगेटिव्ह | रविवार, दुपारी ३:५०

हे वाचून अंगावर काटा आला. राजाबाईच्या समोरून इतकी वर्षं गेलो.

साचेखाता | रविवार, रात्री ९:३०

मी लालबागची. आजोबा साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, बदली म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा ते निवृत्तीला आले होते. त्यामुळे लँकेशायर म्हटलं की माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात आणि त्या एकमेकींशी भांडतात.

एक म्हणजे यंत्रं. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ला काढली, आणि मग कित्येक गिरण्यांत लँकेशायरची यंत्रं आली. ओल्डहॅमचे प्लॅट ब्रदर्स, अॅक्रिंग्टनचे हॉवर्ड अँड बुलो, बोल्टनचे डॉब्सन अँड बार्लो. आजोबा ही नावं शेजारच्यांची असावीत तशी घेत. यंत्रावर ओतीव अक्षरांत लिहिलेली असायची म्हणे.

दुसरी गोष्ट कापड. ३१ जुलै १९२१ला परळला विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३०ला काळबादेवीला विदेशी कापड भरलेला ट्रक अडवताना बाबू गेनू गेले. तेही गिरणी कामगारच, पुणे जिल्ह्यातल्या महाळुंग्याचे. आता तुम्ही १९२२च्या गिल्डचे फोटो म्हणता. परळच्या होळीनंतर जेमतेम तेरा महिन्यांनी प्रेस्टनच्या रस्त्यावर कापडाचे चित्ररथ निघाले! त्या रथांवरचं कापड कोणासाठी विणलेलं होतं, हे त्या गर्दीतल्या कोणाला ठाऊक होतं का? मला हे फोटो बघायचे आहेत, पण फक्त कौतुकाने बघता येणार नाहीत.

रिबलकाठ | रविवार, रात्री ११:००

साचेखाता ताई, तुम्ही विचारलंत ते या धाग्यात यायलाच हवं होतं.

प्रेस्टनच्या मिरवणुकीत कापूस फार आधी आला. १८०२च्या गिल्डमध्ये, फोटोच्या कितीतरी आधी, कापूस कामगारांच्या पुढे चोवीस तरुणी चालल्या, प्रत्येकीच्या हातात कापसाच्या झाडाची कृत्रिम फांदी. मागे माणसांच्या खांद्यावर सूतकताईचं यंत्र आणि घसरगाडीवर माग, दोन्ही चालू, त्यावर काम करणारे कामगार बसलेले. जॉन हॉरॉक्स या गिरणीवाल्याने इथे आपली पहिली गिरणी १७९१ला काढली, आणि हॉरॉक्सेसचं लाँगक्लॉथ तुमच्या-माझ्या पणजोबांच्या अंगावर असणार. शेजारच्या ब्लॅकबर्नच्या मागांवर तर खास हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात. तेव्हा ठाऊक होतं का, तर होतं. पेटीवर बंदराचं नाव असायचं, आणि ऑर्डर आली नाही की कोणत्या देशातून आली नाही हे कामगाराला कळायचं.

१९२२च्या मिरवणुकीत गाव आपल्या धंद्याचा अभिमान मिरवत होतं, पण युद्धानंतरची तेजी १९२०-२१मध्येच ओसरली होती. मागे वळून बघताना त्या चित्ररथांच्या फोटोत मला हेच जास्त जाणवतं. १९५२च्या मिरवणुकीत कापड अजून आहे. १९६२ला हॉरॉक्सेसच्या इथल्या जुन्या गिरण्या बंद झाल्या. १९७२च्या फोटोत कापडाचं जुनं वैभव नाही.

बोल्टनवासी | सोमवार, सकाळी ७:४५

यात एका प्रसिद्ध फोटोची भर घालते, सगळ्यांनी पाहिलेला असेल. सप्टेंबर १९३१, गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले. बहिष्काराने ज्यांचे माग थांबले त्यांच्यासमोर उभं राहायला गेले. गिरणीच्या दारात एप्रन बांधलेल्या बायका गांधीजींभोवती हात उंचावून हसतायत, मध्ये पांढरी शाल गुंडाळलेले ते. बाबू गेनूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. साचेखाता ताई, तुमच्या मनातल्या त्या दोन गोष्टी त्या एका फोटोत समोरासमोर उभ्या आहेत.

रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याबद्दलही थोडं. मिरवणुकीच्या फोटोत माणसं ठेवणीतले कपडे घालून येतात. रोजचा रस्ता बघायचा तर ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन यांच्या फिती पाहा. १९००च्या आसपास हे दोघे गिरणीच्या दारात कॅमेरा लावायचे, भोंगा झाल्यावर बाहेर येणारी माणसं टिपायचे आणि लगेच जत्रेत तंबूत दाखवायचे. लोक स्वतःला बघायला पैसे देऊन येत. पायात लाकडी तळव्याचे क्लॉग्ज, डोक्यावरून घेतलेली शाल, कॅमेऱ्यापुढे उड्या मारणारी पोरं. प्रेस्टनमधली अंडी गडगडवण्याची १९०१ची फीतही त्यांचीच. या सगळ्या निगेटिव्ह १९९४ला ब्लॅकबर्नमध्ये एका दुकानाच्या तळघरात, दुधाच्या कॅनसारख्या धातूच्या पिंपांत सापडल्या. आठशेच्या वर! पाडकाम करणाऱ्यांनी त्या भंगारात दिल्या नाहीत आणि एका स्थानिक माणसाने जपल्या, म्हणून आज आहेत.

हम्फ्री स्पेंडर यांनी १९३७-३८ला काढलेले आमच्या बोल्टनचे फोटो वेगळेच. ते छोटा कॅमेरा कोटाआड धरून, माणसांना कळू न देता टिपत. दारू पिणारे, मतदान करणारे, गल्लीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. मिरवणूक आवडीने बघते, पण गाव समजायला मला ते कपडे जास्त उपयोगी पडले.

साचेखाता | सोमवार, सकाळी १०:२०

डार्वेनचा फोटो लहानपणी पुस्तकात पाहिलाय. त्या बायका कोण, हा विचार तेव्हा शिवलाच नाही.

बोल्टनवासी, एक विचारते. तिथले विणकर ओठांच्या हालचालीवरून बोलत असं ऐकलंय ते खरं का? आजोबांना घरीही खाणाखुणा करून बोलायची सवय होती. साचेखात्यात शेजारच्याचा आवाज येत नाही म्हणायचे.

बोल्टनवासी | सोमवार, दुपारी १२:५५

अगदी खरं. त्याला इथे मी-मॉ म्हणतात. आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवायचे, जोडीला हात. मागांच्या धडधडीत दुसरा मार्गच नव्हता, आणि बऱ्याच जणांना पुढे ऐकायला कमी यायचं. गिरणीच्या दारातल्या मूक फितींमध्ये बायकांचे ओठ बघत बसते मी कधी कधी.

वाचनमात्र | सोमवार, दुपारी ३:३०

१९७२ आणि पुढच्या गिल्डांत आपली माणसं दिसतात का?

रिबलकाठ | सोमवार, रात्री ९:१५

१९७२ला आपली माणसं गावात होती, पण मिरवणुकीच्या छापील फोटोंत मला शोधावी लागली. प्रेस्टनजवळ रेड स्कारला कोर्टाल्ड्सचा मोठा रेयॉन कारखाना होता. तिथे भारत-पाकिस्तानातून आणि वेस्ट इंडीजमधून आलेले कामगार. १९६५ला त्यांनी संप केला. तेवढ्याच माणसांकडून जास्त यंत्रं चालवून घ्यायचं व्यवस्थापनाने ठरवलं, युनियनने पाठ फिरवली आणि हे कामगार एकटे पडले. स्थलांतरितांच्या इंग्लंडमधल्या पहिल्या मोठ्या संपांत तो गणला जातो. असे संप आणि मोर्चे मिरवणुकीसारखे हौसेने टिपले जात नाहीत. १८४२चं बघा. १३ ऑगस्टला ल्यून स्ट्रीटमध्ये मजुरी कपातीविरुद्ध जमलेल्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, किमान चार जण मेले. आणि जेमतेम तीन आठवड्यांनी त्याच गावात गिल्ड भरलं.

१९७४पासून इथल्या कॅरिबियन लोकांनी आपला कार्निव्हल सुरू केला. गुजराती वस्ती मोठी आहे, मशिदी आहेत, देऊळ आहे. २०१२च्या गिल्डमध्ये धंद्यांची, चर्चांची आणि मशालींची मिरवणूक होतीच, शिवाय गावातल्या सगळ्या समाजांची वेगळी मिरवणूक निघाली आणि त्यात ही मंडळी आपल्या वेशात चालली. त्या फोटोंचा तोटा नाही, प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. मला काळजी आहे ती १९६० ते १९९०च्या फोटोंची. ते लग्नाच्या अल्बममध्ये, बिस्किटांच्या डब्यात, माळ्यावर पडून आहेत. संग्रहालयात नाहीत. एका गुजराती काकांकडे रात्रपाळीच्या बसथांब्यावर काढलेला फोटो पाहिला. सगळे सूट घालून उभे, हातात डबे. १९६८च्या आसपासचा असेल असं ते म्हणाले. मागे काही लिहिलेलं नाही, आणि त्यातली नावं सांगणारे आता ते एकटेच आहेत.

काचनिगेटिव्ह | मंगळवार, सकाळी ८:००

त्या काकांकडे पुन्हा जा, आणि लवकर जा. फोटो मागू नका, त्यांच्या घरीच स्कॅन करा, म्हणजे ते निर्धास्त राहतील. निदान ६०० डीपीआय ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा. नावं मागे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, काठाजवळ, फोटो पालथा कडक सपाट जागेवर ठेवून. बॉलपेन कधीही नको, रेघ पुढे उमटते आणि शाई पाझरते. चिकट प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. १९७०च्या दशकातले रंगीत प्रिंट लालसर पडत चालले असतील, ते अंधारात आणि थंड जागी राहू द्या. कृष्णधवल आणखी टिकतील.

आणि ते सांगतील ते रेकॉर्ड करा. नाव, पाळी, कुठल्या खोलीत कोणाबरोबर राहत होते, सगळं.

तिकीटसंग्रह | मंगळवार, सकाळी ९:२५

पोस्टकार्डाचा हिशोब मांडून टाकू. तारांवरून १९०४च्या नंतर. तिकिटावरून टाकलं साधारण १९११ ते १९१३. मिरवणूक व्हिटसनची, कॅथलिक, मे-जूनमधली. बायकांच्या टोप्या पसरट आणि मोठ्या असतील तर १९०८च्या पुढचा फोटो धरायला हवा. गर्दीत खाकी कपड्यातला कोणी, म्हणजे युद्धातला सैनिक, आहे का?

रिबलकाठ | मंगळवार, रात्री ८:४०

भिंगाखाली सगळी गर्दी पाहिली. खाकी एकही नाही. टोप्या चांगल्या परातीएवढ्या. म्हणजे १९०८ ते १९१३. लँकेशायरचं दप्तरखाना-कार्यालय इथे बो लेनवर आहे, तिथे त्या वर्षांतल्या व्हिट आठवड्याच्या बातम्या काढून बँडची आणि चर्चची नावं जुळवून बघतो. निशाणाच्या खालच्या पट्टीवर अक्षरं आहेत, पहिलं ‘एस’ आणि मग ‘टी’ लागतंय, पुढचं घडीत गेलंय.

साचेखाता ताई, १९२२च्या चित्ररथांचे फोटोही तिथेच मागवतो. रथावर यंत्र असेल आणि त्यावरची ओतीव अक्षरं वाचता आली तर तुम्हाला लगेच कळवतो.

खामगावकर, कापसाच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारत, त्यांचे जुने फोटो तुमच्या बाजाराकडे आहेत का? इथे गोदीत उतरलेल्या गठ्ठ्यांच्या फोटोंशी ताडून बघता येतील.

खामगावकर | मंगळवार, रात्री १०:१०

जिनिंगवाल्या एका घराण्याकडे जुन्या वह्या आणि काही काचा आहेत असं ऐकून आहे. रविवारी जाऊन येतो. काका, काचा हाताळायच्या कशा ते आधी सांगा.

काचनिगेटिव्ह | मंगळवार, रात्री १०:३५

घट्ट बसणारे नायट्रिलचे हातमोजे घाला, सुती नकोत, काच निसटते. दोन्ही हातांनी फक्त कडेला धरा. एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळं कागदी पाकीट. पुसायला अजिबात जाऊ नका, ज्या बाजूला चकाकी कमी तिथे चित्राचा थर असतो आणि तो ओल्या फडक्याबरोबर निघून येतो. मागून पांढरा उजेड टाका, मोबाइलने फोटो घ्या, आणि मला पाठवा.